थोरले व्याही राजवाड्यात

ह्वांग पिल-जुंग यांना राजवाडा बघायचा नव्हता. जन्म सोलमधला, नोकरी सोलमधली, बत्तीस वर्षं रोज बसनं त्या राजवाड्याच्या भिंतीला घासून ते विमा कंपनीत गेले आणि घासूनच परत आले, पण आत पाऊल टाकावं असं त्यांना कधी वाटलं नाही. राजवाडा कुठं पळून जातोय, असं ते म्हणायचे. आणि खरोखरच तो कुठं गेला नाही. पण सप्टेंबरच्या शेवटी एका सोमवारी येचॉनहून व्याह्यांचा फोन आला आणि तो राजवाडाच ह्वांग यांच्या मागे लागला.

"दादा," क्वोन थे-सक म्हणाले. हे होणारे व्याही. त्यांचा मुलगा आणि ह्वांग यांची मुलगी ह्ये-वन यांचं लग्न नोव्हेंबरात होतं. "छुसॉकचा सण झाला की आम्ही दोघं हॉल बघायला येतोच आहोत, तर तेवढा राजवाडा दाखवा की. शाळेच्या सहलीत माझं पोट बिघडलं होतं, तेव्हापासून राह्यलाय तो. आणि आपल्याला फुकट आहे म्हणे! पासष्टीच्या पुढच्यांनी नुसतं ओळखपत्र दाखवायचं."

"वा, वा," ह्वांग म्हणाले आणि खाली बसले. खुर्ची जरा लांब होती, म्हणून जमिनीवर बसले.

गोष्ट अशी होती, की एप्रिलमध्ये दोन्ही घरं पहिल्यांदा भेटली, तेव्हा सगळे खाली मान घालून कालवांची खिमट खात होते. अशा वेळी आपल्याकडे जे होतं तेच झालं. कुणीतरी वय काढलं. कोण थोरला, कोण धाकटा हे ठरल्याशिवाय आपल्याला पेलासुद्धा नीट धरता येत नाही. बारा प्राण्यांच्या बारा सालांतलं आपलं साल सांगत क्वोन म्हणाले, "मी डुकराच्या सालचा. एकोणसाठचा." ह्वांग होते एकसष्टचे, म्हणजे बैलाच्या सालचे. चार भावांत ते सर्वांत धाकटे. जन्मभर तिघांचे उतरलेले कपडे घातले, कोंबडीची मान खाल्ली, आणि कंपनीत शेवटची सात वर्षं त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान असलेला पोरगा त्यांना 'जरा इकडे या' म्हणायचा. त्या दिवशी त्यांच्या तोंडून गेलं, "म्हणजे मी एक वर्षानं थोरला. अठ्ठावन्नचा. कुत्र्याच्या सालचा."

बायकोनं, जंग-राननं, टेबलाखालून इतक्या जोरात चिमटा काढला की तो वळ चार दिवस राहिला. पण क्वोन लगेच उठले, दोन्ही हातांनी त्यांचा पेला भरला आणि स्वतःचा घोट घेताना तोंड बाजूला वळवलं, थोरल्यांसमोर वळवावं तसं. ह्वांग यांच्यासमोर चौसष्ट वर्षांत कुणी तोंड वळवून प्यायलं नव्हतं. ते घरी आले ते तरंगतच.

आता ते तरंगणं उतरलं होतं. ओळखपत्रावर जन्मतारीख असते. खिडकीवर क्वोन शेजारीच उभे राहणार. पोरीच्या लग्नाच्या तोंडावर, पहिल्याच भेटीत व्याह्यांना फसवलेला बाप म्हणून आपण उघडे पडणार. आणि हे येचॉनचे क्वोन, थोरल्या घरचे, ज्यांच्या वंशावळीला कपाट लागतं. ते आपल्याला काही बोलणार नाहीत; ह्ये-वनला जन्मभर ऐकवतील. ह्वांग यांना जेवण जाईना.

"तर मग मंगळवारी या," त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन करून भोळ्या आवाजात सुचवलं. मंगळवारी राजवाडा बंद असतो. जायचं, बंद दार बघून हळहळायचं आणि कोंबडीचं सूप पिऊन परत यायचं.

"मंगळवारी बंद असतो, दादा. मी बघितलं ना," क्वोन म्हणाले. "आम्ही बुधवारी येतो."

गुरुवारी सोसायटीत कचरा वेगळा करायचा दिवस. आमच्या सोसायटीतले सगळे महत्त्वाचे निर्णय प्लास्टिक आणि पुठ्ठ्याच्या मधल्या जागेत होतात. तिथं पेक चुन-शिक भेटले. वॉर्ड ऑफिसातून निवृत्त झालेला हा माणूस. तीस वर्षं जन्माच्या नोंदी केल्या, त्यामुळे आपल्यावाचून या शहरात कुणी जन्मलाच नसता असं त्यांना वाटतं.

"सोपं आहे," खोकं पायानं चपटं करत पेक म्हणाले. "नोंद उशिरा झाली म्हणा. आपल्या वेळच्या निम्म्या लोकांची उशिरा झालीये."

"तीन वर्षं?"

"एक वर्ष लोक गिळतात. दोन वर्षं दारूबरोबर गिळतात. तीन..." पेक यांनी विचार केला. "तुमचा तिसरा भाऊ कधीचा?"

"साठचा."

"म्हणजे कुत्र्याच्या साली तुम्ही जन्मलात आणि दोन वर्षांनी तुमचा थोरला भाऊ. नाही, हे राहू द्या. लग्नात येणार ना ते?"

भावाचं ह्वांग यांच्या ध्यानातच नव्हतं. त्यांच्या हातातली बाटल्यांची पिशवी सुटली.

"मग ओळखपत्र हरवलं म्हणा," पेक यांनी दुसरा उपाय काढला. "पण नुसतं म्हणू नका. खोटं बोलायचं तर कागद पाहिजे. ऑफिसात जाऊन रीतसर हरवल्याची नोंद करा."

ह्वांग यांनी शाबूत ओळखपत्र किमचीच्या फ्रिजखाली सरकवलं आणि वॉर्ड ऑफिसात गेले. तिथल्या मुलीनं अतिशय आपुलकीनं नोंद केली. फोटो जुना आहे म्हणून परत पाठवलं. नव्या फोटोत कान दिसत नाहीत म्हणून पुन्हा पाठवलं. तिसऱ्या खेपेला सगळं जमलं, आणि ती म्हणाली, "नवीन कार्ड यायला तीन आठवडे लागतील. पण काळजी करू नका हं काका, तोपर्यंत हा दाखला वापरा. सगळीकडे चालतो."

तिनं एक भलामोठा कागद पुढे केला. कार्डावर जी तारीख मुंगीएवढी होती ती इथं ठळक छापली होती, शेजारी फोटो, वर शिक्का, आणि फोटोत दोन्ही कान. ह्वांग आगीतून निघून फुफाट्यात पडले होते आणि वर 'थँक यू' म्हणाले होते.

"ओळखपत्र हरवल्याचं कळवलंत, पण मिळाला ना दाखला?" रात्री क्वोन यांचा फोन. "छान झालं. तोच आणा."

"भीक नको पण कुत्रा आवर," जंग-रान भांडी पुसत म्हणाली. "चांगले बैल होतात. नांगर ओढायचा सोडून भुंकायला कुणी सांगितलं होतं? आता सरळ सांगून टाका."

"आता? सहा महिने दादा म्हणवून घेतल्यावर?"

"मग लग्नाच्या दिवशी तुमचा भाऊ सांगेल."

सणात ह्वांग यांनी पूर्वजांसमोर वाकताना काय मागितलं ते कुणाला सांगितलं नाही. पण पूर्वजांनी ऐकलं असावं, कारण सण संपताच पेक लिफ्टमध्ये भेटले आणि म्हणाले, "हानबोक! आपला जुना पोशाख घालून गेलं तर कुठल्याही वयाच्या माणसाला आत फुकट सोडतात. ओळखपत्राचं नावच नाही!"

ह्वांग यांना पेक यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण पेक त्यांच्यापेक्षा लहान होते. खरेखुरे लहान. त्यांनी ताबडतोब येचॉनला फोन लावला आणि परंपरा, संस्कृती, आजची पिढी यांच्यावर पाच मिनिटं बोलून मग म्हणाले, "तेव्हा आपण सगळे हानबोकमध्येच जाऊ."



"हरकत नाही, दादा," क्वोन म्हणाले. "मी घरचंच आणतो."

इतक्या सहज? ह्वांग यांना तेही खुपलं. चोराच्या मनात चांदणं. ते रात्रभर कूस बदलत राहिले आणि जंग-रान दुसऱ्या खोलीत जाऊन झोपली.

बुधवारी सकाळी क्वोन नवरा-बायको स्टेशनवर उतरले तेव्हा लोक वळून बघत होते. क्वोन यांनी पूर्वजांच्या पूजेचा पांढरा अंगरखा घातला होता आणि डोक्यावर घोड्याच्या केसांची खरी काळी टोपी. विहीणबाई जांभळ्या हानबोकमध्ये, आणि हातात एक काळी पर्स. तीत उकडलेली रताळी, छत्री, औषधं, सुई-दोरा आणि गरज पडली तर एखादं लहान मूल मावलं असतं.

जंग-रानला भाड्याचं हानबोक लगेच बसलं. राहिले ह्वांग. राजवाड्याजवळच्या भाड्याच्या दुकानातल्या बाईनं त्यांच्या पोटाला टेप लावली आणि पुन्हा लावली.

"बाबा, तुम्हाला बसेल असा एकच आहे आज. राजाचा."

"मला साधा चालेल. कारकुनाचा असेल तर..."

"कारकून सगळे बारीक आहेत."

अशा रीतीनं ह्वांग पिल-जुंग लाल झगा, छातीवर सोन्याचा ड्रॅगन, दोन्ही खांद्यांवर एकेक ड्रॅगन आणि कानामागे पंख असलेली टोपी घालून बाहेर आले. खाली त्यांचे चालायचे बूट दिसत होते. "आता कुणा एकाचं ओळखपत्र ठेवा," बाई म्हणाली, आणि ह्वांग यांच्या तोंडचं पाणी पळालं. जंग-राननं स्वतःचं कार्ड काउंटरवर आपटलं. त्या आपटण्यात बत्तीस वर्षांचा संसार होता. राजाच्या झग्याला खिसे नसतात, तिच्या भाड्याच्या परकरालाही नव्हते. तेव्हा ह्वांग यांचा फोन, रुमाल आणि पाकीट विहीणबाईंच्या पर्समध्ये गेलं. पाकिटात चार घड्या घालून काय ठेवलंय हे ह्वांग यांना त्या क्षणी आठवलं नाही.

दारावरच्या माणसानं चौघांना एकदा वरून खाली बघितलं आणि हातानं आत जा म्हणून खूण केली. बस्स. ह्वांग आत शिरले आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांनी पोटभर श्वास घेतला. पोटावरचा पट्टा करकरला.

"या, महाराज," क्वोन म्हणाले आणि एक पाऊल मागं राहून चालू लागले.

सिंहासनाच्या दालनापुढच्या अंगणात दोन रांगांत दगड उभे आहेत, कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं कुठं उभं राहायचं ते सांगणारे. क्वोन टोपी सावरत एकेक दगड वाचत गेले. ह्वांग मनात हिशोब करत होते, की विमा कंपनीतला उपविभागप्रमुख यात कितव्या दगडाशी येईल. शेवटच्या दगडापलीकडे, शौचालयाच्या पाटीपाशी कुठंतरी येत असावा. तेवढ्यात परदेशी पाहुण्यांच्या एका घोळक्यानं राजाला गाठलं. एकामागून एक फोटो. बालवाडीची एक रांग थांबून वाकली. ह्वांग यांना हसू आवरेना. दादा तर दादा, आता महाराज! सुंठीवाचून खोकला गेला असं त्यांना वाटलं, आणि इथंच माणूस फसतो.

"अहो, हे बघा!" विहीणबाईंचा आवाज आला. मागच्या बाजूला एका मंडपात गाद्या घातल्या होत्या आणि वर फलक होता: ज्येष्ठांचा सत्कार. पूर्वी राजे वृद्ध मंत्र्यांना बोलावून मान द्यायचे, तसंच आज पासष्टीच्या पुढच्यांना ओमिजाचं सरबत आणि तांदळाच्या वड्या. बसायचं वयाच्या क्रमानं, सगळ्यात थोरला वर. पंधरा-सोळा म्हातारे बसले होते आणि शेवटच्या काही गाद्या रिकाम्या होत्या. "बसा दोघंही! आमचे हे एकोणसाठचे, आणि हे व्याही अठ्ठावन्नचे," विहीणबाईंनी दासीच्या वेशातल्या मुलीला दुरूनच सांगून टाकलं.

"राहू द्या," क्वोन घाईनं म्हणाले. "तळं बघू ना आधी."

"तळं कुठं जातंय?"

"ओळखपत्र, काका," मुलगी गोड हसली.

"राजाला ओळखपत्र?" ह्वांग गरजले. मंडपातले म्हातारे खो-खो हसले. ह्वांग यांना धीर आला. "राजाला खिसेच नसतात, मुली!"

"अगं बाई, पाकीट माझ्याकडेच आहे की," विहीणबाई म्हणाल्या.

ह्वांग झेपावले. झगा बुटाखाली आला, टोपी उडून वड्यांच्या ताटाजवळ पडली, आणि ते गुडघ्यांवर असतानाच डोक्यावर कागदाच्या घड्या उलगडल्याचा आवाज त्यांनी ऐकला. एक, दोन, तीन, चार. "चष्मा नाही मेला," असं म्हणत विहीणबाईंनी कागद नवऱ्याकडे दिला. क्वोन यांनी तो वाचला आणि घडी घालायला लागले, पण मुलीनं मान पुढे करून आधीच वाचला होता.

"एकोणीसशे एकसष्ट," ती मोठ्यानं म्हणाली. तिचं कामच होतं ते. "काका, तुमची अजून पासष्ट पूर्ण नाहीत."

जंग-राननं डोळे मिटले. ह्वांग यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, पण राजवाड्यातली फरसबंदी चांगलीच मजबूत आहे.

"नोंद उशिरा झाली आहे यांची," क्वोन म्हणाले. शांतपणे, पूजेत मंत्र म्हणावा तसं. "तेव्हा पोरं जगतील की नाही भरवसा नव्हता. लोक थांबायचे."

"तीन वर्षं?" मुलगी म्हणाली.

"यांचे वडील फार सावध गृहस्थ होते."

ह्वांग यांनी गुडघ्यांवरूनच वर बघितलं. क्वोन त्यांच्याकडे बघत नव्हते. मुलगी बिचारी म्हणाली, की तिला कागदाप्रमाणेच बसवावं लागतं. पण एवढ्यानं भागलं असतं तर आणखी काय हवं होतं. तिसऱ्या गादीवरचा म्हातारा उठला. "असं असेल तर माझीही नोंद दोन वर्षं उशिरा आहे! मी त्या टक्कलवाल्याच्या वर बसायला हवा!"

"टक्कल कुणाला म्हणतोस रे? माझी अडीच वर्षं उशिरा!"

"माझी नोंद तर लढाईत जळली! मी किती वर्षांचा आहे हे देवालाही ठाऊक नाही. मला सगळ्यात वर बसवा!"

पाच मिनिटांत सगळी रांग उठली होती. जो तो दुसऱ्याची गादी ओढत होता, वड्या तुडवल्या जात होत्या, आणि दासीच्या वेशातली मुलगी रडकुंडीला येऊन आपल्या साहेबांना फोन लावत होती. विहीणबाई आणि जंग-रान दोघी तिच्या मदतीला धावल्या. ह्वांग यांनी टोपी उचलली आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून तळ्याकडे निघून गेले.

तळ्याकाठच्या दगडी पायरीवर ते बसले. पाण्यात लाल झग्याचा एक म्हातारा दिसत होता. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. पोरगी काय म्हणेल, हाच एक विचार फिरून फिरून येत होता.

मागून पावलं वाजली. क्वोन सरबताचे दोन पेले घेऊन आले होते. अंगरख्याच्या बाहीवर वडीचा भुगा लागला होता.

"क्वोनसाहेब," ह्वांग उठून उभे राहिले. "मी खोटं बोललो. मी एकसष्टचा आहे. बैल. तुम्ही दोन वर्षांनी थोरले. माझी शिक्षा पोरीला देऊ नका. आजपासून मीच तुम्हाला दादा म्हणतो."

"बसा," क्वोन म्हणाले. "मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"सणात ह्ये-वन आली होती ना. तिनं फोटो दाखवले. बाबांची साठी, चार वर्षांमागची. मोठा केक, त्यावर साठचा आकडा." क्वोन यांनी टोपीची दोरी सैल केली. "आधी रागच आला मला, खोटं कशाला सांगू. मग तुम्ही ते हानबोकचं काढलंत आणि परंपरेवर पाच मिनिटं बोललात. म्हटलं, बिचारा जेवला नसणार महिनाभर. म्हणून पेटीतून ही टोपी काढली."

ह्वांग झगा सावरत परत पायरीवर बसले.

"आणि दादा वगैरे मला म्हणायचं नाही," क्वोन पुढे म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज जरा चढला. "मी थोरल्या घरचा थोरला. अकराव्या वर्षी वडील गेले, तेव्हापासून पांढऱ्या दाढीचे काका माझ्यापुढे वाकतात. पंचावन्न वर्षं झाली. कुठंही जा, मीच वर बसायचं, मीच ठरवायचं, मीच आधी जेवायचं. ज्याला दादा म्हणावं असा एक माणूस मिळाला नव्हता. एप्रिलमध्ये मिळाला. तो आता तुम्ही काढून घेणार?"

"अहो, पण कागद..."

"कागदाचं मी सांगितलंय तिथं. तुमचे वडील सावध होते."

"आणि लग्नात माझा भाऊ येईल. साठचा!"

क्वोन यांनी बराच वेळ तळ्याकडे बघत विचार केला. "त्यांची नोंद लवकर झाली असेल," ते म्हणाले.

त्यांनी एक पेला दोन्ही हातांनी पुढे केला. नुसतं सरबत होतं, पण रीत ती रीत. क्वोन यांनी थोरल्यांसमोर वळवावं तसं तोंड डावीकडे वळवलं आणि घोट घेतला. ह्वांग यांनीही पेला दोन्ही हातांनी धरला, आणि आज जन्मात पहिल्यांदा कुणी न सांगता, मनापासून तोंड उजवीकडे वळवलं.

मंडपाकडून दोघी विहिणी धापा टाकत येत होत्या. लांबून त्यांना एवढंच दिसलं, की राजा एकीकडे तोंड करून बसलाय आणि पांढऱ्या अंगरख्यातला म्हातारा दुसरीकडे.

"झालं!" जंग-रान कपाळाला हात लावून म्हणाली. "मोडलं लग्न!"